चमकेवर जाऊ नका

सकाळी ९.३०
बोहरी आळीत शटर वर. धारेचे दगड पाण्यात भिजत घालतो. बुडबुडे थांबेपर्यंत कालच्या तयार सुऱ्या तेलाच्या फडक्यानं पुसून कागदात गुंडाळतो.

११
होलसेलवाला नवा माल घेऊन हजर. पात्यावर ‘१८/८’चा शिक्का. १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. पातेल्याला उत्तम, सुरीला कुचकामी. हे स्टील तापवून विझवलं तरी कडक होत नाही. लोहचुंबकही त्याला जेमतेमच धरतं.
“शेठ, चमक तरी बघा!”
“चमकेनं कांदा चिरत नाही.”
दुसऱ्या खोक्यातल्या सुऱ्यांना चुंबक खटकन चिकटतं. पण तेवढ्यावर भागत नाही. ४३० जातीचं स्वस्त स्टीलही चिकटतं आणि तेही मऊच राहतं. म्हणून मुठीलगत बारीक कानस ओढून बघतो. घसरली, तर पात्याला नीट पाणी दिलंय. चावली, तर नुसता पत्रा. हे खोकं ठेवून घेतो.

दुपारी १
“स्टेनलेस म्हणून घेतली, मग हे काय?” काकू पात्यावरचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दाखवतात.
“काकू, लिंबू-मीठ लागलेली सुरी रात्रभर सिंकमध्ये होती का?”
काकू गप्प. मिठातलं क्लोराइड क्रोमियमचा संरक्षक थर फोडतं. त्यात सुरीला कडकपणासाठी कार्बन लागतो आणि तो थोडं क्रोमियम स्वतःला बांधून घेतो. म्हणून चांगली सुरीसुद्धा पातेल्याआधी डागते. धुवायची, लगेच पुसायची.

४
हॉटेलचं गाठोडं उघडतो. प्रत्येक धार दिव्याखाली उभी धरतो. जिथं पांढरी रेघ चमकते, तिथं धार मेलेली.
जर्मन सुरी १.४११६ स्टीलची: अर्धा टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, रॉकवेल मापावर साधारण ५६. तिची धार एका अंगाला वळलीय, तुटलेली नाही. जपानी व्हीजी-१०मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास, कडकपणा ६०च्या घरात. तिच्या कपच्या उडाल्यात. कुणीतरी तिनं कोंबडीची हाडं तोडली असणार. दोन्ही स्टील अस्सल, कामं वेगळी.
दगडावर आणखी एक फरक कळतो. घासताना कडेला जी बारीक कोर उठते, ती कडक पात्यावरून चटकन सुटते. मऊ पात्यावर ती नुसती इकडून तिकडे वळत बसते.

६
एक सुरी टोकाशी निळी पडलेली. कुणीतरी कोरड्या मशीनवर धरली. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. निळा भाग झिजवून काढण्याला पर्याय नाही.

७.३०
नवं जोडपं. “काका, सगळ्यात भारी कोणती?”
“घरी कशावर चिरता?”
“काचेच्या बोर्डावर.”
“मग आज लाकडी पाट घ्या. सुरीचं पुढच्या महिन्यात बघू.”