अंकाची खातरजमा

माध्यमिक शाळेतील मुलांना हवामान मोजणारे यंत्र स्वहस्ते जुळवावयास शिकविताना, तारा जोडण्याचे कसब किंवा संगणकास द्यावयाच्या आज्ञांची शिस्त यांपेक्षा, पडद्यावर उमटलेल्या अंकावर किती विश्वास ठेवावा हा विवेक त्यांच्या ठायी उत्पन्न करणे हेच मला शिक्षकाचे मुख्य कर्तव्य वाटत आले आहे.

आमच्या नववीच्या वर्गात आरंभ होतो तो एलएम ३५ या तीन पायांच्या तापमान-सेन्सरने. दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट या प्रमाणात तो विद्युत्दाब देतो, आणि आर्डुइनो उनो हा छोटा संगणक-फलक ५ व्होल्टांचे १०२४ भाग पाडून त्या दाबास ० ते १०२३ यांपैकी एक अंक बहाल करतो. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाचा, हे त्रैराशिक मुलांनी फळ्यावर स्वतः सोडविले की, पडद्यावर २७.३४ नंतर एकदम २७.८३ का येते आणि मधला एकही आकडा कधी का दिसत नाही, याचा उलगडा त्यांना होतो. दशांशचिन्हापुढील ते दोन अंक भागाकारातून आलेले आहेत, हवेतून नव्हे, हे उमगलेल्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आर्द्रतेचे काम अधिक नाजूक. डीएचटी ११ या आर्द्रता-सेन्सरच्या माहितीपत्रकातच ५ टक्क्यांची तफावत कबूल केलेली असते. म्हणून हवाबंद डब्यात पाण्याने जेमतेम ओले केलेले मीठ ठेवून, त्याला स्पर्श होणार नाही असा सेन्सर वर टांगून, डबा काही तास बंद ठेवावयाचा. विरघळण्यास मीठ शिल्लक आहे तोवर आतील हवेची सापेक्ष आर्द्रता नेहमीच्या तापमानात ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. स्वयंपाकघरातील जिन्नस प्रयोगशाळेच्या मानकाचे काम बजावतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

सेन्सर ६९ दाखवू लागताच एक विद्यार्थिनी विचारते, “सर, प्रोग्राममध्ये सहा मिळवून टाकू का?” उत्तरादाखल मी शेजारच्या गटाचा सेन्सर त्याच डब्यात ठेवावयास सांगतो. त्याचे मत निराळे पडते, आणि प्रत्येक यंत्राची दुरुस्ती वेगळी असते हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय ७५ पाशी सापडलेली चूक ४० पाशी तेवढीच असेल, याची हमी कोणी दिली आहे? यास्तव मूळ वाचन खोडावयाचे नाही, असा वर्गाचा दंडक आहे: नोंदवहीत एका रकान्यात यंत्राची जबानी, दुसऱ्यात दुरुस्ती, आणि तिसऱ्यात ती कोणत्या चाचणीवरून ठरविली त्याचा तपशील.