आडवा वारा आणि खांद्याचा पट्टा

छोट्या विमानाचा खरा कस उतरताना लागतो. वारा आडवा असला की वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवून तिरपाच धावपट्टीकडे येतो. चाके टेकण्याच्या क्षणी मात्र ते सरळ करावे लागते. तिरपेच टेकले, तर चाकांवर बाजूने ताण येतो, विमान भरकटते, कधी पंख जमिनीला घासतो. सेस्ना १७२ या लोकप्रिय विमानाने चाचणीत १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर, आडवा वारा पेलून दाखवला आहे. तो आकडा नियमाने घातलेली मर्यादा नव्हे, पण नवशिक्याने तसा मानलेला बरा.

अशा अपघातांत वेग कमी असल्याने बरेच जण चालत बाहेर पडतात. मात्र नुसता कमरेचा पट्टा असेल, तर धड पुढे फेकले जाते आणि डोके समोरच्या यंत्रफलकावर आदळते. अमेरिकी नियमांनुसार १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांत पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा सक्तीचा आहे. त्याआधीची विमाने आजही उडतात! बसण्यापूर्वी पट्टा आहे का ते पाहावे, असल्यास घट्ट ओढून घ्यावा. आणि वैमानिक ऐनवेळी न टेकता पुन्हा वर निघाला, तर त्या क्षणी त्याला ‘काय झालं?’ असे विचारू नये.