डॅन्यूबकाठची घोडवाट

सायकल एकदा आली की माणूस ती जन्मभर विसरत नाही, असे म्हणतात. ते खरे आहे. पण सायकलवर बसून एकदा भीती शिकलेला माणूस तीही सहजासहजी विसरत नाही. चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी घरी परतत असताना एका मालमोटारीने मला रस्त्याकडेच्या चरात लोटले. गुडघ्याचे हाड सांधले, सायकलचे चाकही सरळ झाले. बिघडले ते कान. बहिरे झाले असे नव्हे. उलट नको इतके तिखट झाले. सायकलवर बसलो की ते पाठीमागचाच आवाज टिपत राहत. शेवटी सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर रद्दी साठू लागली.

अशा माणसाने गेल्या सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने, सुमारे सव्वातीनशे किलोमीटर सायकल चालवली हे सांगितले तर ओळखीच्या मंडळींना ती थाप वाटते. परंतु त्यात माझी बहादुरी काही नाही. सारी पुण्याई त्या वाटेची. म्हणून तिच्याविषयी चार शब्द.

पासाउ हे तीन नद्यांच्या संगमावरचे गाव. दक्षिणेकडून आल्प्सच्या बर्फाचे पाणी घेऊन हिरवट-दुधी इन येते, उत्तरेकडून काळसर पाण्याची चिमुकली इल्झ येते आणि मध्ये डॅन्यूब. संगमाच्या खालीही काही अंतर हे रंग वेगवेगळे दिसत राहतात. नगरसभागृहाच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. जून २०१३ च्या पुरात इथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते. विश्वामित्रीचा २०२४ चा पूर पाहिलेला बडोदेकर त्या भिंतीपाशी अंमळ जास्त वेळ उभा राहतो.

इथेच आम्ही दोन सायकली भाड्याने घेतल्या. माझी साधी, आमच्या सौभाग्यवतींची बॅटरीची. "तुमचा अभिमान तुम्ही ओढा, माझे सामान बॅटरी ओढेल," असे म्हणून त्या पुढे निघाल्या त्या व्हिएन्नापर्यंत पुढेच राहिल्या.

ही वाट मुळात सायकलींची नव्हे, ती घोड्यांची. प्रवाहाबरोबर नाव खाली नेणे सोपे. पण द्राक्षासव आणि धान्य लादलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध वर आणायच्या कशा? तर काठावरून घोड्यांनी ओढून. जाडजूड दोरखंड, एकामागे एक बांधलेल्या नावा आणि पुढे कधी तीस-चाळीस घोडी, असा तो तांडा आठवडेच्या आठवडे चाले. त्यासाठी पाण्याला लागून जी पट्टी मोकळी ठेवलेली असे, तिला तिथे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. भार ओढणाऱ्या घोड्याला चढ परवडत नाही. म्हणून ही वाट नदीइतकीच सपाट. पासाउ समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर आणि व्हिएन्ना सुमारे एकशे साठवर. म्हणजे किलोमीटरमागे अर्धा मीटरसुद्धा उतार नाही. वाराही बहुधा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे बहुतेक सायकलवाले नदीच्या ओघाबरोबर पूर्वेकडेच जातात. साठी उलटलेल्या गुडघ्यांना याहून अधिक काय हवे!

१८२९ साली डॅन्यूबवर वाफेच्या बोटी चालवणारी कंपनी निघाली, १८३० साली व्हिएन्नाहून बुडापेस्टला आगबोट गेली आणि पुढे हळूहळू घोड्यांचे काम संपले. काम संपलेल्या वाटेचे सहसा काय होते हे आपण जाणतो. कोणी तिच्यावर भिंत बांधतो, कोणी टपरी टाकतो, उरलेली मोटाररस्त्यात जाते. इथे नदीची देखभाल करणाऱ्यांनी ती आपल्या कामासाठी राखली आणि १९८० नंतरच्या दशकात ती सायकलवाल्यांसाठी जोडून, पाट्या लावून दिली. आज ती अटलांटिककाठच्या फ्रान्सपासून काळ्या समुद्राकाठच्या रुमानियापर्यंत जाणाऱ्या मोठ्या सायकलमार्गाचा एक तुकडा आहे. अगदी सगळीच वाहनमुक्त आहे असे मात्र नाही. मधूनच एखादी खेड्यातली गल्ली लागते, एखादा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो. पण मैलोगणती एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडी, आणि मोटार नाही.

एवढे असूनही पहिले दोन दिवस मी दर पाच मिनिटांनी मान वळवून मागे पाहत होतो. सौभाग्यवतींच्या ते ध्यानात आले. "अहो, मागे काय बघता सारखे? मी पुढे आहे!" मी हसून वेळ मारून नेली. कानांना कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी श्ल्योगेन लागले. तिथे कठीण खडकाला अडून नदी अशी वळते, की जणू काही विसरल्यामुळे ती घरी परत निघाली आहे. वळणाच्या उत्तर काठावर रस्ताच नाही. सायकलीसकट छोट्या बोटीत बसावे लागते. पुढे ओटेन्सहाइमला एक तर आहे, तिला इंजिन नाही. नदीवर आडवा पोलादी दोर ताणलेला. तर त्याला अडकवलेली. नावाडी ती प्रवाहाला तिरपी धरतो आणि पाण्याचा रेटाच तिला पैलतीरी सरकवत नेतो. ना धूर, ना आवाज.

लिंत्स शहरात बडोदेकराला एक गंमत भेटते. इथून बोहेमियातल्या बुडवाइसपर्यंत घोड्यांनी ओढायची आगगाडी होती. ती १८३२ साली पुरी झाली. आपल्या खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम लोहमार्ग झाला, तेव्हा त्यावरचे डबे बैल ओढत. लिंत्समध्ये उभे राहून डभोईची आठवण होईल, असे मला कोणी आधी सांगितले असते तर मी ते खरे मानले नसते.

लिंत्स सोडल्यावर तिसऱ्या दिवशी ती गोष्ट घडली. घडली म्हणण्यासारखे त्यात काही नाही. वाटेवर अक्रोड पडल्याचा टप् आवाज झाला आणि मी तो ऐकला. मग काठच्या दगडांत पाणी बुडबुडते ते ऐकू आले. आपल्या सायकलची साखळी थोडी कुरकुरते, हेही कळले. आणि मग लक्षात आले, की गेला तासभर मी मागे पाहिलेलेच नाही. चौदा वर्षे पाठीवर बसलेले कोणीतरी न सांगता उतरून गेले होते. मी सायकल थांबवली आणि उगाच बाटलीतले पाणी प्यालो.

त्याच वाटेवर माणसे पाहत होतो: काठी सायकलला बांधून निघालेले म्हातारे, आणि सात-आठ वर्षांची मुले. आईबाप शंभर पावले पुढे, मूल आपल्याच तंद्रीत मागे, कोणी ओरडत नाही, "बाजूला हो!" म्हणून. मला माझी नात आठवली. तिची शाळा घरापासून दीड किलोमीटरवर. सायकलने जाऊ का, असे ती विचारते आणि आम्ही सांगतो, "तुला अजून नीट येत नाही."

पण या वाटेवर सगळे गोडच आहे असे समजू नये. दुपारी माउटहाउझेन आले. गावापासून वर टेकडीवर १९३८ ते १९४५ नाझींची छळछावणी होती. "जायलाच हवे का?" असे आम्ही एकमेकांना विचारले आणि गेलो. घोडवाट सोडून मोटाररस्त्याचा चढ चढावा लागतो. मागून मोटारी येऊ लागल्या आणि माझे कान पुन्हा पूर्ववत झाले. वर मात्र त्या भीतीची लाज वाटली. या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे एक लाख नव्वद हजार माणसे कोंडली गेली. त्यांतली निदान नव्वद हजार मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून १८६ पायऱ्या वर येतात. त्यांवरून कैदी पाठीवर दगड वाहत. ही खाण पूर्वी व्हिएन्नाच्या रस्त्यांसाठी फरशी पुरवी. खाली उतरून पुन्हा नदीकाठी आलो तेव्हा बराच वेळ दोघेही बोललो नाही. नदी तेव्हाही अशीच वाहत होती, हे मनातून जात नव्हते.

पुढे ग्राइनजवळचे भोवरे आणि खडक एके काळी नावाड्यांचा काळ होते. खडक सुरुंगांनी फोडले गेले; १९५९ साली पुरा झालेल्या इब्स येथील धरणाने पाणी शांत केले. मेल्कचा भव्य पिवळा मठ ओलांडला की वाखाउचे खोरे सुरू होते. दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवर द्राक्षमळे, खाली जर्दाळूची झाडे. इथेच व्हिलेन्डॉर्फला १९०८ साली सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची, वीतभरही नसलेली स्त्रीमूर्ती सापडली. पासाउपासून नदीवर एकामागून एक वीजधरणे आहेत; इथे मात्र नदी मोकळी वाहते. धरण इथेही बांधायचे घाटत होते. लोकांनी विरोध केला. २००० साली या खोऱ्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याही खाली त्स्वेन्टेनडॉर्फला काठावर एक अणुवीजकेंद्र उभे आहे. ते बांधून तयार झाले. पण नोव्हेंबर १९७८ मध्ये लोकांचा कौल घेतला तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक लोक ‘नको’ म्हणाले आणि ते एक दिवसही चालले नाही. धरण वाईट, वीज वाईट, असे मी म्हणत नाही. घरी पंखा मीही लावतो. परंतु ज्या शांततेत मी तो अक्रोड ऐकला, ती आपोआप उरलेली नव्हती. कोणीतरी ती मागून घेतली होती, राखली होती.

आठव्या दिवशी व्हिएन्नाला पोहोचलो. सायकल परत करताना दुकानदाराने चाक तपासले आणि मान डोलावली. मला मात्र एखादे गुरू सोडून चालल्यासारखे वाटले.

बडोद्यास आल्यावर जिन्याखालची सायकल बाहेर काढली, टायर-ट्यूब बदलली. आता रविवारी पहाटे साडेपाचला निघतो, सातच्या आत परततो. सात वाजले की कान पुन्हा मागे वळतात. डॅन्यूबने मला कायमचे बरे केले नाही. पण एक कळले. इतकी वर्षे मी समजत होतो, की दोष माझ्या कानांत आहे, माझ्या धीरात आहे. तो तिथे नव्हता. चांगली वाट मिळताच कान तीन दिवसांत शहाणे झाले.

परवा नातीने पुन्हा विचारले, "आजोबा, मी सायकलने शाळेत जाऊ?" होय म्हणण्याची छाती मला अजून झाली नाही. परंतु "तुला नीट येत नाही" असे या वेळी सांगितले नाही. म्हटले, "बाळ, तुला उत्तम येते. रस्ता अजून शिकायचा आहे."