एंजिनातील ठोका

वैद्य जसा नाडीवरून रोग ओळखतो, तसा जाणता मिस्त्री आवाजावरून एंजिनाचे दुखणे ओळखतो. ठोका कसा आहे याइतकेच तो केव्हा येतो, हेही पाहावे लागते.

खंडाळ्याचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबताच धातूची किणकिण उठते व पाय सैल करताच थांबते. हा दोष बहुधा ज्वलनाचा होय. ठिणगीने पेटलेली ज्वाळा पसरत असतानाच उरलेले मिश्रण उष्णतेने व दाबाने आपोआप भडकते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल, वेळेपूर्वी पडणारी ठिणगी, साचलेली काजळी किंवा अतितापलेले एंजिन ही त्याची कारणे. खालचा गिअर घ्यावा, म्हणजे तूर्त निभावते. १९२१ साली टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळून हा ठोका शमविला. परंतु शिसे विषारी, म्हणून भारतात २००० साली असे पेट्रोल बंद झाले.

गाडी उभी असतानाही हलकी टिकटिक ऐकू येते व एंजिनाच्या वेगाबरोबर तीही जलद होते, ती बहुधा व्हॉल्व्हांकडील. एंजिन बंद करून प्रथम तेलाची पातळी पाहावी.

मात्र घणाचे घाव बसावेत तसा खालून जड ठोका येऊ लागला आणि तेलाचा तांबडा दिवाही लागला, तर ‘घर आता जवळच आहे’ असे म्हणू नये. बेअरिंग निकामी होत असल्याची ती खूण असू शकते. तेथेच एंजिन बंद करावे व गाडी ओढून न्यावी. दोन मैलांच्या हट्टापायी सबंध एंजिन गमावण्याची पाळी येते.