पालवी का फुटत नाही?

मागच्या पावसाळ्यात विहाराच्या आवारात व समोरच्या रस्त्याच्या कडेला आपल्या संस्थेने पिंपळ, कडुनिंब, करंज आणि बहावा यांची रोपे लावली. त्यांतील काही रोपे सभासदांनी आपल्या दिवंगत आईवडिलांच्या स्मरणार्थ दिली होती. चैत्र आला, आजूबाजूची जुनी झाडे पोपटी पालवीने भरून गेली; पण आपली काही रोपे काटक्यांसारखीच उभी राहिली. काहींना खाली चार पाने आणि वर बोडका शेंडा. "मेलंय ते, उपटून टाका," असा सल्ला मिळाला आणि आम्ही एक कडुनिंब उपटलाही. मग सहज साल खरवडली, तर आत हिरवागार ओलावा! ज्या माउलीच्या नावाने ते रोप होते, तिच्या मुलापुढे आम्हाला मान खाली घालावी लागली. त्या दिवसापासून आम्ही नियम केला : आधी निदान, मग निर्णय. त्यातून जे शिकलो ते सभासद बंधुभगिनींसाठी, विशेषतः विद्यार्थी मित्रांसाठी, येथे देत आहोत.

झाड मेले की विसावले?

प्रत्येक झाडाचे वेळापत्रक वेगळे असते. कडुनिंब व पिंपळ पाने गाळून फाल्गुन-चैत्रात नवी पालवी धरतात. बहावा आणि गुलमोहर मात्र भर उन्हाळ्यातही निष्पर्ण दिसू शकतात. म्हणून त्याच जातीचे जवळपासचे मोठे झाड आधी पाहावे. तेही उघडे असेल तर घाई करू नये. ते बहरले असेल आणि आपले रोप नाही, तर मात्र तपासणी करावी.

नखाची परीक्षा

शेंड्याकडील कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडावी. आत हिरवे व ओलसर दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडे दिसले तर ती मेलेली आहे. मग टप्प्याटप्प्याने खाली येत बुंध्यापर्यंत परीक्षा करावी. कोठून हिरवे लागते ते कळले की निम्मे निदान झाले. खरवड अगदी लहान ठेवावी. खोडाभोवती साल सोलू नये.

खुणा काय सांगतात?

शेंडा वाळला व खालून फुटवे आले, तर मुळे वरपर्यंत पाणी पुरवू शकली नाहीत असे बहुधा समजावे. एकच बाजू वाळली असेल, तर त्या बाजूचे मूळ तुटले आहे का, साल दुखावली आहे का, ते पाहावे. पानांच्या कडा करपल्या तर पाण्याची ओढ किंवा क्षारयुक्त पाणी हे कारण असू शकते. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, ही बहुधा लोहाच्या कमतरतेची खूण. बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा जेथे पुरलेला असतो, तेथे ही खूण आढळू शकते. खोडावर मातीचे लेप दिसले तर वाळवी आली असे समजावे.

दोष बहुतेक वेळा जमिनीखाली

आमच्या रोपांपैकी बहुतेकांचे दुखणे मातीखाली निघाले. निरोगी खोड जमिनीलगत थोडे रुंद होते. आमची काही खोडे खांबासारखी सरळ मातीत गेलेली होती, म्हणजे रोपे फार खोल लावली होती. खुरप्याने हलकेच माती बाजूला केली, तेव्हा काहींची मुळे पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरत राहिलेली दिसली. एका रोपाची तर प्लॅस्टिकची पिशवीच काढलेली नव्हती! आधाराच्या काठीला बांधलेली तार एका करंजाच्या सालीत रुतली होती.

काळ्या मातीत आणखी एक अडचण. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून मुळे गुदमरतात व कुजतात. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. रोपाशेजारी वीतभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओतावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच असेल तर निचरा वाईट आहे. तसेच रोज तांब्याभर पाणी घातल्याने फक्त वरची माती ओली होते, खालची मुळे तहानलेलीच राहतात. खोल उकरून पाहिल्याशिवाय पाणी मिळाले असे मानू नये.

उपाय

वाळलेला शेंडा हिरव्या भागापर्यंत, डोळ्याच्या किंचित वर कापावा. तार सोडून सैल सुतळी बांधावी. बुंध्यावरची जादा माती काढावी. आळे रुंद करून, माती पाहून, सावकाश व भरपूर पाणी द्यावे. आळ्यात पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. आजारी रोपाला युरियाचा मारा करू नये. दुबळी मुळे त्याने आणखी करपतात. नवी पाने आल्यावर थोडे कुजलेले शेणखत पुरे.

झाड लावण्याच्या दिवशी छायाचित्र निघते, हार पडतात. पण रोप जमिनीत स्थिरावायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि त्या काळात त्याच्याकडे पाहणारा माणूस लागतो. म्हणून आमची विनंती आहे की, प्रत्येक विद्यार्थ्याने एक रोप आपले मानावे आणि त्याची वही ठेवावी : पाणी कधी दिले, पालवी कधी आली, काय बिघडले. उपटलेल्या कडुनिंबाच्या जागी आम्ही त्याच माउलीच्या नावाने दुसरा लावला आहे. या वेळी पिशवी काढून, मुळे मोकळी करून, योग्य खोलीवर. त्याची वही तिच्या नातवाकडे आहे.