पोट्टं रात्रभर काय करून राह्यलं?

अमरावती असो की अकोला, ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं पोट्टं आणि कॉम्प्युटर दोन्ही आहेत, त्या घरात हा प्रश्न रोज रात्री विचारला जातो. उत्तरही ठरलेलं, "झालंच माय, पाच मिनिटं!" आपल्याला वाटतं, वाया चाललं लेकरू.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात केन पार्सन्स नावाचा एक मुलगा असाच कॉम्प्युटरसमोर बसायचा. त्याने नऊ मिनिटांची एक भयफिल्म बनवली. पिवळट भिंती, रिकाम्या खोल्या, ट्यूबलाइटची गुणगुण आणि कितीही चाललं तरी बाहेरचा रस्ता नाही! मैत्रिणींनो, ह्याला आपल्याकडे 'चकवा' म्हणतात. फरक एवढाच की आपला चकवा शिवारात लागतो. खोल्या खऱ्या नव्हत्याच, ब्लेंडर ह्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभ्या केलेल्या. जानेवारी २०२२ मध्ये त्याने ती यूट्यूबवर टाकली तेव्हा तो १६ वर्षांचा होता. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली, पुढचे भाग आले, 'द बॅकरूम्स' ही मालिकाच झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ए ट्वेंटी फोर' ह्या कंपनीने तिच्यावर मोठा सिनेमा जाहीर केला, दिग्दर्शक तोच! २०२५ मध्ये कॅनडात चित्रीकरणही झालं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हे सांगितलं, तर एक जण म्हणालीच, "ते अमेरिकेत चालते हो ताई, आपल्याइथं कोण विचारते?" म्हणून हे मराठी मातीतलं उदाहरण.

'थँक यू मिस्टर ग्लाड'चे लेखक अनिल बर्वे यांचा मुलगा राही. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आपल्याच विदर्भात, एका मित्राने त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. पोरगा असा टरकला की ती भीती मनातून गेलीच नाही. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने सिनेमाचा पहिला मसुदा लिहिला. तोच पुढे 'तुंबाड' झाला.

पण मधली वर्षं पाहा. २००८ च्या सुमारास त्याने 'मांजा' हा लघुपट केला. 'स्लमडॉग मिलिअनेअर'चे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांना तो इतका आवडला की त्यांनी आपल्या सिनेमाच्या डिस्कवर तो दिला. तरी 'तुंबाड'ची वाट सरळ नव्हतीच. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, मनासारखं उतरलं नाही, २०१५ मध्ये पुन्हा केलं. १२ ऑक्टोबर २०१८ ला सिनेमा लागला. गोष्ट ऐकल्यापासून तब्बल २५ वर्षांनी! तेव्हाही गर्दी बेताचीच. पुढे लोकांनी घरी, मोबाईलवर पाहिला, एकमेकांना सांगितला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कमाई केली.

आणि त्यात भीती कशाची? कणकेच्या बाहुलीची, अंधाऱ्या वाड्याची, साखळदंडातल्या म्हातारीची आणि माणसाच्या हावेची. सगळं घरातलंच की! आपल्या आज्यांनी लोडशेडिंगच्या रात्री अंगणात बाजेवर बसून सांगितलेला मुंजा, हडळ, मेळघाटाच्या वाटेवरच्या गोष्टी... हे भांडवल बायकांनीच तर जपलं. ते वाया का जाऊ द्यायचं?

प्रत्येक पोराचा सिनेमा होईल असं मी म्हणत नाही. दहावी-बारावीचा अभ्यास झालाच पाहिजे, झोपही हवी. पण ओरडण्याआधी एकदा "दाखव बरं काय केलं" म्हणून त्याच्याजवळ बसा. मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठू नका, शेवटपर्यंत पाहा. भीती वाटली तर वाटली म्हणा, नाही वाटली तर का नाही तेही सांगा. बर्व्यांनी पुन्हा चित्रीकरण केलं, ते आधीचं पटलं नाही म्हणूनच ना?

आणि हो, मुलीलाही हेच विचारा. मुलगा रात्री कॉम्प्युटरवर बसला तर 'प्रोजेक्ट' आणि मुलगी बसली तर 'कोणाशी बोलून राह्यली?' हा हिशोब घराघरात चालतो. आजीच्या गोष्टी कान देऊन ऐकणारी बहुतेक तीच असते. मग त्या जगाला दाखवायचा हक्क तिलाही नको का?