कर्नल लपतो कुठे?

संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत दर वेळी वेगळ्या पत्त्यावर उतरतो. हल्लेखोराला नेमकी जागा कळू नये म्हणून. लिनक्समध्ये ही सोय 3.14 आवृत्तीत, 2014 साली आली. 2017 च्या 4.12 आवृत्तीपासून ती आपोआप सुरू असते.

पण लपायला जागा म्हणावी तितक्या नाहीत. 64 बिटच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर 1 जीबीच्या पट्ट्यात 2 एमबीचे टप्पे, म्हणजे फार तर 512. शिवाय सरकतो तो अख्खा गाभा एकत्र. गाडी गोंदियाहून किती उशिरा सुटली हे कळलं की आमगाव, सालेकसा, दरेकशाच्या वेळांचा हिशेब घरबसल्या लागतो (मध्येच रखडली नाही तर!). तसाच आतला एक पत्ता फुटला की बाकीचे बेरीज-वजाबाकीने मिळतात.

आणि पत्ता फुटायलाच हवा असंही नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्र विद्यापीठाचे डॅनिएल ग्रुस आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं, की प्रोसेसरची ‘प्रीफेच’ ही साधी सूचना चालवून लागलेला वेळ मोजला, तरी भरलेली आणि रिकामी जागा वेगळी ओळखू येते. पुढे ग्रुस यांच्या गटाने यावर ‘कैसर’ हा उपाय काढला. जानेवारी 2018 मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरही तोच कामी आला.

नवा पत्ता मिळतो तो कर्नल नव्याने सुरू झाल्यावरच. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ पुरत नाही. अधूनमधून ‘रीस्टार्ट’च दाबा.